अक्काच्या हातचा रोग

अक्कानं कनवटीची मिश्रीची डबी काढली तेव्हा मी शेजारच्या झाडाच्या बुडाशी खुरपत होते. मला नवल वाटलं. माझ्या बहिणीनं जन्मात कधी मिश्री लावली नव्हती. बायका मिश्री लावायला बसल्या की ती नाक मुरडून पलीकडं जायची. तिनं चिमूट काढली, ती दाताकडं न नेता पपईच्या शेंड्याच्या कोवळ्या पानावर टाकली, आणि पदराच्या गाठीतून एक चुरगळलेलं पान काढून त्याच्या रसानं ते कोवळं पान अंगठ्यानं चोळलं. ताट घासावं तसं, पण हलक्या हातानं. मग पुढचं झाड.

"अक्के, काय चाललंय?"

"राख हाय. चुलीतली."

"राख दिसतीय मला. पान कसलं?"

"आपल्या न्हाणीमागच्या पपईचं."

माझ्या हातातलं खुरपं थांबलं. न्हाणीमागची ती पपई रोगट होती. सांडपाण्यावर कशीबशी जगलेली, पानं पिवळी-हिरवी, फळांवर गोल ठिपके. ती रोगट आहे हे आम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"त्या झाडाचा रोग हितं लावतीयास?"

"हळू बोल की. मुकादमीण हिकडंच बघतीया." अक्का न थांबता म्हणाली, "गलांड्याची बाग हाय ही. उत्तम गलांड्याची. हितं रोग येऊ दे. त्यानं सोताच्या हातानं कुऱ्हाड घालू दे झाडांच्या बुडात आणि भैरोबाच्या पारावर उभा राहू दे. तवर मला घास गोड लागायचा न्हाय, बेबे."

मी इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या ओळीतल्या झाडाचा शेंडा वाकवून तिच्यापुढं धरला.

याला आता वीसेक वर्षं होत आली. मी बेबी. कागदावर नाव वेगळं आहे, पण ते कुणी वापरलं नाही. नवऱ्यानं टाकल्यावर मी थोरल्या बहिणीच्या दारात आले आणि तिथलीच झाले. अक्काचा नवरा, आमचे निवृत्ती दाजी, यांनी किती दिवस राहणार म्हणून एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच म्हणाले, "बेबे, च्यात साखर जरा कमी टाकत जा." म्हणजे उद्यापासून चहा मीच करायचा आहे, हे ठरलं. असा माणूस. धरणाच्या फुगवट्याकाठी कोंढारवाडीत त्यांचं दीड एकर रान होतं आणि त्यात पपई.

उत्तमअण्णा गलांडे गावातले सगळ्यांत मोठे बागायतदार. रोपांची नर्सरी त्यांची, पपई बागायतदार संघाचे अध्यक्ष ते, भैरोबाच्या जत्रेचे पंच ते. बोलायला लागले की समोरच्याला वाटायचं, हा माणूस आपल्या भल्यासाठीच जन्माला आलाय. गावात पहिल्यांदा पपईची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा अण्णांनी पारावर नियम काढला. ज्याच्या बागेत व्हायरस दिसेल त्यानं बाग तोडायची आणि भैरोबापुढं नारळ ठेवून कबूल व्हायचं, की रोग माझ्या रानातून आला.

नियम झाला आणि पहिला नंबर दाजींचा लागला. रोपं कुठली होती? अण्णांच्याच नर्सरीतली. दाजींनी तसं म्हणून पाहिलं. त्यावर अण्णा म्हणाले, "निवृत्ती, माझी रोपं अख्ख्या गावानं लावलीत. रोग तुझ्याच रानात कसा?" पिवळी पानं बाकीच्यांच्या बागेतही होती, पण ते सगळे अण्णांच्या बैठकीतले; त्यांनी मागाहून गुपचूप बागा काढल्या आणि नवी, निरोगी रोपं लावली. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

दाजींची बाग फळांनी लगडलेली होती. ठिपके होते फळांवर, पण फळ गोड होतं. आम्ही रोज खात होतो. अण्णांनी माणसं आणून एका सकाळीत बाग आडवी केली. दाजी पारावर उभे राहिले, नारळ ठेवला, म्हणायचं ते म्हणाले. आवाज फुटेना तर अण्णा म्हणाले, "मोठ्यानं, निवृत्ती. मागं ऐकाय जाईना." लोक हसले. दाजींनी परत म्हटलं. त्यानंतर ते कुणाच्या बांधावर गेले की माणसं सांगायची, "पाय धुऊन या, निवृत्तीराव." मग ते बांधावर जायचे थांबले, नंतर घराबाहेर पडायचे थांबले, आणि वर्षाच्या आत बसल्या जागी गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट. अक्का म्हणाली, गलांडे.

दाजींमागं आम्ही दोघी मजुरीला लागलो. अक्कानं मुद्दाम अण्णांचीच बाग धरली. लोकांना वाटलं, बाई विसरली. अण्णांनाही तसंच वाटलं. ते येताजाता विचारायचे, "कौसाबाई, बरं हाय ना?" आणि अक्का मान खाली घालून म्हणायची, "तुमच्या कृपेनं, अण्णा."

राखेची अक्कल तिला दाजींच्या बागेतच आली होती. पानांचा रस शोषणाऱ्या माव्याच्या किडीसाठी दाजी पानांवर राख धुरळायचे. ज्या ओळीत राखेच्या आणि चिकाच्या हातानं फुटवे काढले, तीच ओळ आधी पिवळी पडायची. अक्कानं हे पाहिलं होतं आणि मनात ठेवलं होतं. तेव्हा ते कशासाठी ठेवतेय हे तिलाही माहीत नसेल.

पुढं जितके दिवस खुरपणी चालली तितके दिवस आमच्या ओळींना रोग मिळत गेला. बाकीच्या झाडांना माव्यानं पोचवला. पोळ्यापर्यंत अण्णांच्या नव्या बागेची पानं न्हाणीमागच्या पपईसारखी चितरी झाली. अक्काला इतकं खुशीत मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. भाकरी थापता थापता मला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला बी एक पान चोळून यायला पायजेल हुतं." आम्ही दोघी चुलीपुढं हसत बसलो.

पण अण्णा कसले वस्ताद. त्यांनी बागेत फिरून पानं पाहिली आणि जाहीर केलं, "झिंक कमी पडलंय." फवारणी झाली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. दाजींच्या बागेत जो रोग होता तो अण्णांच्या बागेत खताची कमतरता झाला. नाव घेण्याची कुणाची छाती नव्हती.

"मरू दे म्हणू दे त्याला झिंक," अक्का म्हणाली. "झाडं वाळाय लागली की कुणाकुणाला झिंक सांगंल?"

झाडं वाळायला लागली. पण अण्णांची नव्हे.

दिवाळीनंतर गावात नवा व्हायरस आला. कुठून आला हे देवाला माहीत; कुणी म्हणालं वाऱ्यानं, कुणी म्हणालं व्यापाऱ्याच्या गाडीतून. आधीचा रोग याच्यापुढं बिचारा म्हणायचा. शेंड्याची पानं बारीक होत होत नुसत्या शिरा उरायच्या. देठांवर तेलकट रेघा, फुलं गळालेली, आणि जी फळं धरली होती ती दगडासारखी टणक. व्यापारी बांधावरूनच परत जायचे. संक्रांतीपर्यंत कोंढारवाडीतल्या बागा एकामागून एक संपल्या. ज्यांनी दाजींना पाय धुवायला लावले होते त्यांच्याही. त्यांचं मला काही वाईट वाटलं नाही, उगाच खोटं कशाला सांगू.

आणि या सगळ्या मसणवट्यात एक बाग हिरवी उभी होती. उत्तमअण्णांची. पानं तशीच चितरी, फळांवर तसेच थोडे ठिपके, पण झाडं तगडी आणि माल भरपूर. गावात दुसरी पपईच नव्हती, त्यामुळं भावही तोंडाला येईल तो.

लोक म्हणाले, देव तारी त्याला कोण मारी. अण्णा म्हणाले, "निगा लागती, निगा. नुसती रोपं लावून भागत न्हाय."

पहिल्या तोड्याच्या दिवशी अण्णांनी कामावरच्या प्रत्येक बाईला एकेक पपई दिली. अक्कानं ती घरी आणून शेळीपुढं टाकली. शेळीनं ती मिटक्या मारत खाल्ली, तर अक्कानं तिच्या पाठीत धपाटा घातला.

"बेबे, म्या लावलेला रोग गेला कुठं?"

"जातोय कुठं? पानं पिवळीच हायेत की."

"मग मरत का न्हाईत झाडं? सगळ्या गावाची मेली. ज्यांना म्या हात बी लावला न्हाय त्यांची मेली. आणि ज्याला लावला त्यो मोटारसायकल घेतोय!"

मी म्हटलं, "करायला गेलो गणपती आणि झाला मारुती." तिनं हातातली उलथनी माझ्या अंगावर फेकली. नेम चुकला. मग ती तोंडात पदर कोंबून रडली. दाजी गेले तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. तिचं दुःख मला कळत होतं, पण त्याहून जास्त तिचा संताप कळत होता, कारण तो माझाही होता. पाप करायचं धाडस केलं आणि त्याचं फळ वैऱ्याच्या ओटीत पडलं.

फाल्गुनात कृषी महाविद्यालयातून साळुंके मॅडम आल्या. तिशीच्या असतील, डोक्याला रुमाल, पायात बूट. गावभरच्या मेलेल्या बागा पाहून त्या अण्णांच्या बागेत आल्या आणि झाडाझाडाशी थांबून पानं तोडून पिशव्यांत भरत राहिल्या. अण्णांनी त्यांना बंगल्यावर जेवायला बोलावलं, पण त्या आमच्यातच लिंबाखाली बसल्या. म्हणाल्या, ठेचा असेल तर इथंच बसते. आठवड्यानं परत आल्या तेव्हाही आमच्यातच बसल्या. बाकीच्या बाया विहिरीवर गेल्या होत्या. आम्ही दोघीच होतो.

अक्कानं भाकरी मोडता मोडता विचारलं, "बाई, सगळ्या गावाची बाग मेली. ह्यांची कशी राहिली वो?"

"तेच तर शोधत होते," मॅडम म्हणाल्या. "काल तपासणी झाली. गंमत अशी आहे काकू, की या बागेतल्या झाडनझाडाला व्हायरस आहे."

"हाय?" अक्काचा घास हातातच राहिला.

"आहे. पण जुना. पूर्वी तुमच्या भागात जो होता तो, सौम्य. पान पिवळं करतो, फळावर ठिपके आणतो, पण झाड मारत नाही. तो आधीच झाडात असला ना, की नव्याला शिरता येत नाही. कसं सांगू... एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो की नाही? मागून कितीही दांडगा गडी आला तरी त्याला ती जागा मिळत नाही. तसं. जुन्यानं जागा धरली म्हणून ही झाडं वाचली."

अक्का माझ्याकडं बघेना. मी तिच्याकडं बघेना.

"मग बाकीच्या गावात बी जुना हुताच की," मी म्हटलं.

"तोडून टाकला ना सगळ्यांनी नियम करून. नवीन रोपं लावली, ती स्वच्छ. स्वच्छ म्हणजे मोकळी सीट. नवा आला आणि बसला. आणि एकदा तो बसला की जुन्याला परत येणं अवघड. हा भराभर वाढतो, मावा ज्या झाडावर बसेल तिथून हाच उचलतो. आता या पट्ट्यात जुना कुठं उरलाच नाही. एवढी एक बाग सोडून." मॅडम पाणी प्यायल्या. "मला कोडं एवढंच आहे, की इथल्या झाडनझाडाला तो लागला कसा? कुणी मुद्दाम हातानं दिल्यासारखा."

"देवाची करणी," अक्का म्हणाली.

मग तिनं हळूच विचारलं, "बाई, म्हंजी तो जुना ज्याच्या बागंत हुता, त्याची बाग तोडायची गरजच नव्हती?"

"मुळीच नव्हती. उलट ती राहिली असती तर तिच्यामुळं आजूबाजूच्याही वाचल्या असत्या कदाचित."

अक्कानं भाकरी फडक्यात बांधून ठेवली. त्या दिवशी ती पुढं जेवली नाही. मॅडमना वाटलं, काकूंना ठेचा लागला, कारण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

उठताना मॅडम म्हणाल्या, "अण्णांना सांगणार आहे मी, ही झाडं शक्य तितकी ठेवा. ही काढून नवी लावली तर चार महिन्यांत जातील." अक्कानं मान हलवली. मान हलवताना ती दूर कुठंतरी बघत होती, आणि तिचं ते बघणं मी ओळखलं.

चैत्रात भैरोबाच्या जत्रेच्या बैठकीत अण्णांचा सत्कार ठरला. गावाची लाज राखणारा बागायतदार म्हणून शाल, श्रीफळ, फेटा. मॅडमना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. पारावर सतरंजी, कर्णा, आणि समोर सगळं बुडालेलं गाव. अण्णांनी भाषण केलं. स्वच्छ रोपं, स्वच्छ रान, स्वच्छ मन. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून अक्का उठली. आमच्यात पारावर बाईमाणूस बोलत नाही. ती पदर डोक्यावर घेऊन, हात जोडून उभी राहिली.

"मला अण्णांच्या भल्याचं एक इचारायचं हाय, मॅडमना. तुम्ही तपासणी केली. अण्णांच्या बागंत वायरस हाय का न्हाय, एवढं सांगा."

मॅडम गडबडल्या. खोटं बोलणारी बाई नव्हती ती. "आहे," त्या म्हणाल्या, "पण त्याचं असं आहे की..."

पण कुणी ऐकायला उरलं नव्हतं. ज्यांच्या बागा गेल्या होत्या ते सगळे एकदम उठले. म्हणजे रोग ह्यांच्यातून आला! म्हणूनच आमच्या मेल्या! नियम काय फक्त गरिबाला? मॅडम कर्ण्यातून रुमाल आणि सीट सांगत होत्या, आणि लोकांना एवढंच दिसत होतं की कॉलेजची बाई अण्णांना वाचवायला बघतेय. अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! दाजी असते तर त्यांच्या शेजारी बसून पाहिलं असतं.

पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. अण्णांनी घटकाभर खाली मान घातली आणि मग दोन्ही हात वर केले.

"शांत व्हा. नियम म्या केला. म्या तो मोडीन व्हय? हितं देवापुढं सांगतो. माझ्या बागंत रोग असंल, तर ती बाग उद्याच्याला माझ्या हातानं तोडीन. गावासाठी तोडीन!"

सत्काराचाच नारळ उचलून त्यांनी भैरोबापुढं ठेवला आणि जे दाजींच्या घशातून निघत नव्हतं ते कर्ण्यातून खणखणीत म्हटलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या आधीपेक्षा जास्त पडल्या. कुणीतरी अण्णांचा जयजयकार केला.

मी अक्काकडं पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. जे मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि तेही हार घालून.

मॅडम गर्दीतून वाट काढत आमच्याकडं आल्या. "काकू, असं का विचारलंत? मी तुम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं ना!"

"व्हय बाई," अक्का गरीब चेहऱ्यानं म्हणाली. "म्होरलं काय समजलं न्हाय बघा मला. अडाणी माणूस."

मॅडम तिच्याकडं बघतच राहिल्या. मग गाडीत बसल्या. त्यांनी अण्णांना नंतर दोनदा फोन केला, झाडं ठेवा म्हणून. पण जयजयकार झालेला माणूस मागं फिरत नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पहिली कुऱ्हाड स्वतः घातली. आम्ही दोघी मजुरीवर होतो, पडलेली झाडं ओढायला. अक्कानं त्या दिवशी दोन बायांचं काम केलं.

अण्णांनी लांबून महागाची रोपं आणली. जाळीत वाढवलेली, हिरवीगार, एक ठिपका नाही. लावताना पूजा केली. श्रावणात बाग डोळ्यांत भरण्याजोगी झाली. नवरात्रात शेंड्याची पानं बारीक व्हायला लागली. अण्णांनी झिंक मारलं, अजून काय काय मारलं. दिवाळीला दारात पणत्या लावल्या तेव्हा त्यांच्या रानात नुसते सोट उभे होते. नर्सरीतली रोपंही त्याच रोगानं गेली, आणि ज्यांनी ती नेली होती ते नर्सरीच्या फाटकावर येऊन शिव्या देऊन गेले. फाटकाला कुलूप लागलं.

झालं. अक्काला हवं होतं ते सगळं झालं. मला वाटलं, आता ही सुखानं जेवेल.

पण गावात निराळंच चाललं होतं. लोक म्हणायला लागले, "नियमासाठी उभी बाग तोडली बिचाऱ्यानं." "असा माणूस व्हायचा न्हाय." "काळच वाईट आला." जो तो अण्णांच्या दारात बसून हळहळायचा. बायका त्यांच्या घरी भाजीभाकरी पोचवायच्या. दाजींच्या दारात कुणी पाणी मागायलाही आलं नव्हतं. अक्का हे सगळं ऐकायची आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती.

एक दिवस दुपारी तिनं लुगडं बदललं. "चल," म्हणाली.

"कुठं?"

"गलांड्याकडं. त्याला कळाय पायजे. न्हाईतर हे काय झालं मग? वीज पडून मेल्यावानी झालं."

मी नको म्हटलं, आडवी झाले. पोलिसात देईल, गाव जाळील आपल्याला. तिनं ऐकलं नाही. तिला तेच हवं होतं, असं मला आता वाटतं. काहीही होवो, पण त्या माणसाच्या डोळ्यांत तिला एकदा बघायचं होतं.

अण्णा पडवीत बाजेवर बसले होते. दाढी वाढलेली, अंगात नुसती बंडी. आम्हाला बघून म्हणाले, "या कौसाबाई. बसा."

"बसाय न्हाय आले." अक्का पडवीच्या पायरीशी ताठ उभी राहिली. "तुमच्या आधीच्या बागंला रोग म्या लावला. ह्या हातानं. राख टाकून, पान चोळून. तुमचं वाटोळं व्हावं म्हणून."

अण्णा बाजेवर सरळ बसले.

"त्या रोगानंच तुमची बाग वाचली. ते मॅडमनी मला सांगितलं हुतं. झाडं ठेवली तरच राहतील, हे बी सांगितलं हुतं. सगळं ठावं असून म्या पारावर बोलले. तुमच्या हातानं बाग तोडाय लावली. निवृत्तीसाठी."

अक्कानं नवऱ्याचं नाव घेतलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. उखाण्यातही ती लाजून पळायची. तिचा आवाज जराही हलला नाही.

अण्णांनी पाय खाली सोडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ आलं. मला आधी कळेना ते काय आहे. ती कीव होती.

"सूनबाई," त्यांनी आत हाक दिली, "कौसाबाईला च्या टाक गं." मग अक्काला म्हणाले, "निवृत्ती गेल्यापासनं तुझं चित्त थाऱ्यावर न्हाय, हे म्या कवाच वळखलंय. म्हणून तर कामावर ठेवलं तुला. अगं, वायरस हाय त्यो. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना घावत न्हाय. आणि तू चुलीतल्या राखंनं लावला व्हय?" ते हसले. कित्येक महिन्यांत हसले नसतील. "मनाला लावून घेऊ नगंस. तुझ्या हातनं काय व्हायचंय?"

"बेबे, सांग ह्यास्नी," अक्का म्हणाली. 

"खरं हाय, अण्णा," मी म्हटलं. "म्या शेंडे धरले हुते."

"तू बहिणीला उघडं पाडणार न्हाईस," अण्णा म्हणाले. "गुणाची हायेस. जप तिला. तालुक्याला चांगला डॉक्टर आलाय, त्याला दाखव. गाडीची सोय म्या करतो."

सुनेनं चहा आणून पायरीवर ठेवला. अक्कानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती वळली आणि चालायला लागली. मी मागोमाग. रस्त्यानं चार बायका भेटल्या, त्यांना तिनं ओ दिली नाही. गलांड्यांचं रान संपलं, ओढा ओलांडला, आमचं घर दिसायला लागलं, तरी ती बोलेना. मला धास्ती वाटली. वाटलं, आता ही बसल्या जागी दाजींसारखीच जाते की काय.

दाराशी येऊन ती थांबली. कपाळावरचा घाम पुसला, पदर खोचला. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर रंग दिसत होता.

"बेबे," ती म्हणाली, "माघारी जा आणि सुनंला इचारून ये. औंदा काय लावणार हाईत म्हणावं."

मी तशीच माघारी गेले आणि विचारून आले. कलिंगड लावणार होते.